मोरीच्या पाण्यावरचा वसंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वसंत ऋतू, घरची बाग आणि स्वयंपाकघर या विषयावर बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा कोकिळा वगैरे काही आठवली नाही. आठवली ती आमच्या साताऱ्याच्या घराची मोरी.

आमचं घर पेठेतलं. मागे दोन खाटा मावतील एवढं परसू. मोरीचं पाणी एका दगडी पन्हळीतून त्या परसात जायचं. पन्हळीच्या तोंडाशी अळू, जरा पुढे कर्दळ, आणि पाणी जिरत जिरत संपायचं तिथं एक केळ. ही आखणी कुणी कागदावर केलेली नव्हती. अळूला पाय सतत ओले लागतात म्हणून ते पुढे, केळीला पाणी भरपूर हवं पण ते साचून चालत नाही म्हणून ती मागे. चैत्रात नळाला पाणी आलं की घरात जी धावपळ उडायची, तिच्यात झाडांसाठी वेगळी बादली कुणी भरली असती तर आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं. झाडांनी आमच्या अंघोळीवर, भांड्यांवर आणि तांदूळ धुण्यावर जगायचं, असा नियमच होता. आणि ती जगायची. अळूचं फदफदं आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. पाहुणा आला तर अळूवडी.

आज हे सांगितलं की लोक विचारतात, मग आम्हीही अंघोळीचं पाणी कुंड्यांना घालू का? घालू नका. त्या वेळी भांडी राखेनं घासली जात, केस शिकेकाईनं धुतले जात. आजच्या धुण्याच्या पावडरीतले क्षार कुंडीतल्या ओंजळभर मातीत साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे फुकट जातं, त्यातही क्षार जास्त असतात. ते लादी पुसायला ठेवा. पण तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कडधान्य भिजवलेलं पाणी खुशाल घाला. फक्त त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलंत तर त्याचा जो वास सुटतो, तो शेजाऱ्यांनाही कळतो. मीठ घालून उकडलेल्या भाजीचं पाणी मात्र कुंडीत नको, ते आमटीत ओता.

आपल्याकडचा वसंत हा मोठा विचित्र ऋतू आहे. परदेशातल्या पुस्तकांत वसंतात पेरणी करा असं लिहिलेलं असतं, कारण तिथं बर्फ वितळलेलं असतं. आपल्याकडे याच दिवसांत विहिरीचा तळ दिसू लागतो. आणि नेमकी याच वेळी झाडं अंगात आल्यासारखी पालवतात. पिंपळ, कडुनिंब जुनी पानं टाकतात आणि पाऊस दोन-अडीच महिने लांब असताना तांबूस कोवळ्या पानांनी भरून जातात. त्यांची मुळं खोल असतात, त्यांना ते परवडतं. आपल्या कुंडीतल्या झाडाला वीतभर मातीत हे सगळं करायचं असतं. म्हणून चैत्रातली बागकाम करण्याची रीत म्हणजे नवीन काही लावण्यापेक्षा असलेलं सांभाळण्याची रीत. पालक, मेथी, कोथिंबीर या उन्हात रुसतात. चवळी, भेंडी, गवार आणि माठ यांचं मात्र बरं चालतं. पुदिना सावलीच्या कडेला ठेवला तर मुलांच्या सुट्टीभर सरबताला पुरतो.

पिंपळाची पानं तर सोन्यासारखी. आमच्या सोसायटीत फाल्गुनात ती झाडून कोपऱ्यात पेटवून द्यायची पद्धत होती. धूर सगळ्यांच्या घरात. मी दोन पोती भरून वर आणते म्हटल्यावर झाडणाऱ्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की अजून आठवतं. ही पानं कुंडीतल्या मातीवर चार बोटं पसरली की पाणी निम्म्यानं पुरतं. शिवाय ओल्या कचऱ्याच्या कुंडीत प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी टाकली की खत होतं. पहिल्या वर्षी मी हा दुसरा भाग गाळला. नुसती कलिंगडाची सालं आणि उरलेली आमटी ढकलत राहिले. आठ दिवसांत पांढऱ्या अळ्या गॅलरीच्या कठड्यावरून खालच्या घराच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरल्या. त्या काकूंशी आमचा अबोला पुढे पावसाळ्यापर्यंत टिकला. ओल्याच्या बरोबरीनं सुकं हवं, आणि शिजलेलं, तेलकट काही नको, हे मी तेव्हापासून कधी विसरले नाही.

श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि 'विपुलाच सृष्टी' लिहिलं, ते याच पाल्यापाचोळ्याच्या आणि उन्हाच्या जोरावर. आजीनं त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर, यात सांगायचं काय, असं नक्की म्हणाली असती.

पण मला सांगायचंय ते मोगऱ्याबद्दल.

आमच्या परसात भिंतीलगत मोगऱ्याचं एक जुनं झुडूप होतं, बटमोगऱ्याचं. ते आईचं. संक्रांत झाली की ती त्याला पाणी तोडायची. पंधरा दिवस ताण द्यायचा. मग कात्रीनं वरच्या फांद्या छाटायच्या, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची. लहानपणी मला ते बघवत नसे. उघडंबोडकं झुडूप महिनाभर मेल्यासारखं दिसायचं. मग ती बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची, दोन घमेली शेणखत घालायची आणि पाणी चालू करायची. पाडव्याच्या सुमाराला एकेका फुटीच्या टोकावर कळ्यांचे झुबके. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या काडीवर येत नाही. म्हणून छाटणी. आई एवढंच म्हणायची, "त्याला जरा घाबरवल्याशिवाय ते फुलत नाही."

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पेठेतल्या पंचवीस-तीस बायका आमच्याकडे यायच्या. प्रत्येकीला मोगऱ्याची दोन-दोन फुलं, ओटीत भिजवलेले हरभरे, वाटीत आंबेडाळ आणि पेल्यात पन्हं. आईची डाळ प्रसिद्ध होती. तिची कृती सांगते, कारण हल्ली बाहेर मिळते ती डाळ नसते, लगदा असतो.

हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, रात्रभर नाही. उपसून चाळणीत तासभर निथळू द्यायची. हे निथळणं महत्त्वाचं, ओली डाळ वाटली की चिकट होते. हिरव्या मिरच्या घालून भरड वाटायची, मिक्सर असेल तर थांबत थांबत, पाणी अजिबात न घालता. वाटीभर भिजलेल्या डाळीला साधारण अर्धी वाटी कैरीचा कीस. पण कैरी आधी चाखायची. पहिल्या पहिल्या कैऱ्या नुसत्या तुरट असतात, रायवळ आंबटढाण असते, तोतापुरी मवाळ. मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणीत हिंग सढळ हातानं, कारण डाळ कच्ची आहे. आणि फोडणी गार करून मगच ओतायची. सकाळी केलेली डाळ संध्याकाळपर्यंत संपवायची, या हवेत ती आंबायला वेळ लागत नाही. पन्ह्याचं तर सोपं आहे: उकडलेल्या कैरीच्या गराला दीडपट ते दुप्पट गूळ, किंचित मीठ, वेलदोडा. माठातलं पाणी.

१९८६ साली माझे वडील गेले. आई चव्वेचाळीस वर्षांची होती. पुढच्या संक्रांतीला तिनं मोगऱ्याचं पाणी तोडलं, छाटणी केली, खत घातलं. मला वाटलं होतं ती त्या झुडपाकडे फिरकणार नाही. चैत्रात ते नेहमीसारखं फुललं. शेजारच्या बायका म्हणाल्या, "वहिनी, गौर बसवायची ती बसवाच, पोरगी करील सगळं. डाळ मात्र तुमच्याच हातची हं." गौर बसली. डाळ आईनं वाटली. पन्हं आईनं केलं. फुलं आईनं वेचली, ओल्या फडक्यात बांधून ठेवली. आणि संध्याकाळी बायका यायला लागल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर कुंकू मी लावत होते. वाट्या मी देत होते. "काय छान झालीय डाळ, वहिनींना सांग हं," असं प्रत्येक जण मला सांगत होती, आणि वहिनी दहा फुटांवर, दाराआड. मी बावीस वर्षांची होते, शिकलेली होते. मी कुणाला काही म्हटलं नाही. आईलाही नाही.

सगळ्या गेल्यावर ती बाहेर आली. परडीत पंधरा-वीस फुलं उरली होती. ती तिनं उचलली आणि माठात टाकली. म्हणजे माठात मोगरा टाकायची आमच्याकडे रीत होतीच, वाळा आणि मोगरा. पण एक-दोन फुलं. त्या रात्री पाण्याला इतका वास आला, की धाकट्या भावाला ते पिववेना. त्यानंतर दर उन्हाळ्यात असंच. तिच्या केसांत जायची ती फुलं आम्ही पीत होतो.

१९९८ मध्ये आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली. येताना तिनं मोगऱ्याचं दाबकलम आणलं: एक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवलेली, मुळं सुटल्यावर तोडून घेतलेली. आमची गॅलरी पश्चिमेची. दुपारनंतर भिंत तापते, कुंडीची एक बाजू अक्षरशः भाजते. आईनं कुंडी विटांवर ठेवली, तिच्या भोवती नारळाच्या शेंड्या भरलेली जुनी मोठी कुंडी अडकवली, आणि पाणी घालण्याचं काम सकाळी साडेसहाला, स्वतःच्या चहाच्या आधी. दुसऱ्या वर्षी फुलं आली.

त्या चैत्रात मी ठरवून हळदीकुंकू केलं. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, सगळ्या म्हणजे सगळ्या. तीन मजले चढून स्वतः सांगून आले. वरच्या मजल्यावरच्या आजी, त्याही आईसारख्याच, हसून "बरं हं" म्हणाल्या आणि आल्या नाहीत. आणि आई स्वयंपाकघरातून हलली नाही. "तू बोलावलंस हे चांगलं केलंस," ती म्हणाली, "पण येणाऱ्या बाईची उगाच पंचाईत होते गं. ती सणाला आलेली असते, तुझ्या मतांना नाही." मी चिडले. मला तेव्हा वाटलं होतं, की अडचण फक्त बाहेरच्यांची आहे.

मग बरीच वर्षं डाळ आई करायची, वाटायची मी.

२०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाच्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ही बातमी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ऐंशी वर्षांची होती ती. पूर्ण ऐकलं तिनं. मग विचारलं, "कधी झाला हा ठराव?" म्हटलं, चार मेला. अक्षय्य तृतीया त्या वर्षी तीन मेला होती, म्हणजे चैत्रगौर उठल्याच्या दुसऱ्या दिवशी. "अगं मग महिनाभर आधी करायचा ना," आई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

मी तेव्हा हसले. पण २०२३ च्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी तिनं मला सांगितलं, "माझी खुर्ची बाहेर ठेव. गुडघे दुखतात, आत ओट्यापाशी उभं राहवत नाही." गुडघे तिचे दहा वर्षं दुखतायत. मी काही न बोलता खुर्ची गौरीशेजारी ठेवली. बायका आल्या. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून, तिला आमच्या घरचा इतिहास काही ठाऊक नाही, तिनं सरळ आईला वाकून नमस्कार केला आणि हातातल्या फुलांपैकी एक आईच्या अंबाड्यात खोवलं. मी कुंकवाचा करंडा हातात धरून तशीच उभी. आई काही म्हणाली नाही. "डाळीत मीठ बरोबर आहे का बघ," असं त्या मुलीला म्हणाली.

दहा-पंधरा मिनिटांनी तिनं ते फूल हळूच काढलं. "सवय राहिली नाही, टोचतं," म्हणाली आणि मला माठाकडे नेऊन टाकायला सांगितलं. मी नेलं. टाकलं नाही, ते वेगळं.

यंदाही संक्रांतीनंतर कुंडीचं पाणी तोडलंय. छाटणी आता मी करते, आई खुर्चीत बसून कुठे कापायचं ते काठीनं दाखवते. तिच्या मते मी फार घाबरत घाबरत कापते. कैऱ्या अजून महाग आहेत, पण पाडव्यानंतर उतरतील. या वर्षी वरच्या मजल्यावरच्या आजींनी आपणहून निरोप पाठवलाय, डाळ जरा तिखट करा.