गाडी तिच्या मापाची

पत्नी नुकतीच गाडी शिकली असेल आणि तिच्यासाठी मोटारसायकल घ्यायची असेल, तर शोरूमला तिलाच सोबत न्या. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, ते आधी पाहा. मग वजन. शंभर सीसीची साधी गाडी साधारण ११० किलोची, तर साडेतीनशे सीसीची बुलेट १९० किलोच्या पुढे. गाडी ढकलून, वळवून, स्टँडला लावून तिलाच पाहू द्या. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना सीबीएस असते. मागचा ब्रेक दाबला की तो दोन्ही चाकांना लागतो. साडी गार्ड काढू नका.

तिचा परवाना फक्त बिनगिअरच्या गाडीचा असेल, तर गिअरच्या गाडीसाठी वेगळी नोंद लागते. नांदेड किंवा लातूरच्या आरटीओत आधी शिकाऊ परवाना काढा.

सराव सकाळी, मोकळ्या मैदानावर. लोहा, अहमदपूर, चाकूरवरून जाणारा नांदेड–लातूर महामार्ग हात बसल्यावरच. आयएसआय हेल्मेट तिच्या डोक्याच्या मापाचे घ्या. आणि गाडी कोणती, याचा शेवटचा शब्द तिचाच असू द्या. चालवणार ती आहे.