शाळा किती दिवस भरली?



काश्मीरचा विषय निघाला की सभागृहात लगेच दोन बाजू पडतात. आज मी कलम ३७० वर बोलणार नाही. काश्मीर खोऱ्यातली सरकारी शाळा वर्षात किती दिवस भरली, एवढाच प्रश्न मी विचारणार आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस भरले पाहिजेत. जम्मू-काश्मीरला हा कायदा ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लागू झाला. तेव्हा खोऱ्यातल्या शाळा सरकारी आदेशानुसार सुरू होत्या, पण वर्ग रिकामे होते. ५ ऑगस्टनंतरच्या बंदोबस्तात, फोन बंद असताना, मुलांना घराबाहेर पाठवायला पालक धजावत नव्हते. हिवाळी सुट्टी संपून २४ फेब्रुवारी २०२० ला मुलं वर्गात आली आणि तीन आठवड्यांच्या आत कोरोनामुळे शाळा पुन्हा बंद झाल्या.

मग शाळा मोबाइलवर आली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हे गणित मांडतो. टूजीवर सेकंदाला १२८ किलोबिट वेग मिळाला असं धरा. १०० एमबीचा एक धडा उतरवायला पावणेदोन तास लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. समोरासमोरचा ऑनलाइन तास तर विसराच. गांदरबल आणि उधमपूर हे दोन जिल्हे सोडले, तर फोरजी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं. म्हणजे तब्बल दीड वर्षाने. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ११ मे २०२० च्या निकालात न्यायालयाने फोरजी सुरू करण्याचा आदेश दिला नाही, निर्णय एका समितीवर सोपवला.

हे सरकारबद्दल झालं. आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे बोलू या.

जुलै २०१६ मध्ये बुऱ्हाण वानी मारला गेल्यानंतर खोऱ्यात एकीकडे संचारबंदी होती आणि दुसरीकडे आठवड्यामागून आठवडे हरताळाची वेळापत्रकं निघत होती. दोन्हींत शाळा बंद. त्या काही महिन्यांत जवळपास तीस शाळा जाळल्या गेल्या, इतक्या की उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारने अकरावीची आणि नववीपर्यंतची मुलं सरसकट वरच्या वर्गात ढकलली. बुडालेला अभ्यास मात्र बुडालेलाच राहिला. दहावी-बारावीची परीक्षा नोव्हेंबरमध्ये झाली आणि बहुसंख्य मुलं तिला बसली. मुलांना काय हवं होतं, याचं उत्तर त्यात आहे.

७ ऑक्टोबर २०२१ ला श्रीनगरच्या ईदगाह भागातल्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून मारलं. त्या शीख होत्या, ते हिंदू होते. मुस्लिम मुलांना शिकवत होते. याचा निषेध आपण, मुसलमान म्हणून, 'पण' हा शब्द न लावता केला पाहिजे. शिक्षकाचा धर्म पाहून गोळी झाडणारा माणूस त्या वर्गातल्या मुलांचाही गुन्हेगार आहे.

यात भरडलं कोण जातं? ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुलं दिल्लीला, चंडीगडला, आपल्या पुण्यालाही शिकायला येतात. सफरचंदाच्या बागेत मजुरी करणाऱ्याच्या मुलीला गावातली सरकारी शाळा हीच एक जागा. शाळा बंद झाली की ती घरकामाला लागते, आणि पुन्हा उघडली तरी ती परत येईलच असं नाही.

म्हणून आपल्या चळवळीने तीन मागण्या लावून धराव्यात.

एक, प्रत्येक सरकारी शाळा वर्षात प्रत्यक्ष किती दिवस भरली, बंद राहिली तर कोणाच्या आदेशाने किंवा कशामुळे, हे जाहीर व्हावं. आमच्या क्षेत्रात सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तरी कारण लिहून द्यावं लागतं. शाळेचं तेवढं तरी व्हावं.

दोन, बुडालेले दिवस जादा वर्ग घेऊन भरून काढावेत. नुसतं वरच्या वर्गात ढकलणं ही भरपाई नाही.

तीन, शाळेला लढाईबाहेर ठेवावं. सुरक्षा दलांनी शाळांच्या इमारतींतून बाहेर पडावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये छत्तीसगडबाबत सांगितलंच आहे. आणि हरताळ पुकारणाऱ्यांनीही शाळा, शिक्षक आणि शाळेची बस यांना हात लावू नये.

या मागण्या फक्त काश्मीरसाठी नाहीत. भामरागडच्या आश्रमशाळेतल्या माडिया मुलालाही त्या तशाच लागू आहेत. मुसलमान मुलांसाठी जे मागतो ते आदिवासी मुलांसाठी मागत नसू, तर आपल्या मागणीला नागरी चळवळीची मागणी म्हणता येणार नाही.

काश्मीरच्या राजकारणावर या सभागृहात एकमत होणार नाही, आणि ते व्हायलाच हवं असंही नाही. या तीन मागण्यांचं पत्र मी लिहून आणलं आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. वाचा, पटलं तर सही करा, नाही पटलं तर माझ्याशी वाद घाला.