जंगल दान देणारे केंट
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



रेल्वेत माझे काम रुळांचे, म्हणजे पर्यायाने जमिनीचे. सार्वजनिक कामासाठी मालकाची मर्जी नसली तरी जमीन संपादन करता येते, हे आपल्या कॉलनीत कुणाला सांगायला नको. याच अधिकारापासून आपले जंगल वाचवावे म्हणून ते सरकारला देऊन टाकणाऱ्या एका अमेरिकन माणसाबद्दल आज बोलतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला एका दरीत रेडवुडची प्राचीन झाडे होती. जाणेयेणे अवघड म्हणूनच ती कुऱ्हाडीतून सुटली. विल्यम केंट यांनी १९०५ साली ते जंगल ४५,००० डॉलरना घेतले. डोक्यावर आधीच कर्ज, त्यामुळे पत्नी धास्तावल्या होत्या. (यावर आपल्या वहिनीमंडळींनी हसू नये!) १९०७ मध्ये एका पाणी कंपनीने तिथल्या ओढ्यावर धरण बांधण्यासाठी सक्तीच्या संपादनाचा दावा लावला.

केंट यांनी १९०६ चा पुरातन वारसा कायदा हाताशी धरला. खासगी मालकाने दिलेली जमीन केंद्र सरकारला स्वीकारता येते, असे त्यात कलम आहे. त्यांनी २९५ एकर जंगल गावाला किंवा काउंटीला न देता थेट केंद्राला दिले. केंद्राच्या जमिनीवर कंपनीचा दावा काय चालणार? ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. केंट यांचे नाव द्यायची त्यांची तयारी होती, पण केंटनी नकार दिला. निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांचे नाव राहू द्या, माझे नाव मुलांना टिकवता आले नाही तर विसरले जावो, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचे नाव असते!

केंट अगदीच निःस्वार्थी होते असे नाही. जवळच्या डोंगरी रेल्वेचा फाटा जंगलाकडे आला, त्यात त्यांनाही रस होता. त्या रेल्वेला २८१ वळणे आणि सात टक्के चढ, म्हणजे साधारण १४ ला १. आपला बोरघाट ३७ ला १!

पुढे केंट संसदेत गेले. १९१३ साली योसेमिटीतल्या हेच हेची दरीत सॅन फ्रान्सिस्कोसाठी धरण बांधायचा प्रश्न आला. म्यूर विरोधात जिवाच्या आकांताने लढत होते. केंट धरणाच्या बाजूने उभे राहिले. आणि १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचे विधेयक मांडणारेही केंटच. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.