कुइंब्राचा काळा संघ

पोर्तुगालांतील कुइंब्रा हें विद्यापीठाचें नगर. तेथील ‘अकादेमिका’ हा मूळचा विद्यार्थ्यांचा फुटबॉल-संघ. त्याचा पोषाखहि विद्यार्थ्यांच्या पारंपरिक झग्यासारखा काळा. १९३९ सालीं बलाढ्य बेन्फिकाला ४-३ असें नमवून त्यानें पहिला पोर्तुगाल-चषक जिंकिला.

१९६९ सालीं एका समारंभांत विद्यार्थिनेत्यास बोलूं दिलें नाहीं, म्हणून विद्यार्थ्यांनीं हुकूमशाहीविरुद्ध संप पुकारला. त्याच वर्षीं संघ पुनः अंतिम सामन्यांत बेन्फिकासमोर उभा राहिला. प्रेक्षकांत निषेधाचे फलक उंचावले. राष्ट्राध्यक्ष फिरकले नाहींत, दूरचित्रवाणीनेंहि सामना दाखविला नाहीं. संघ २-१ असा हरला. परंतु सभागृहांत अडविलेला शब्द मैदानावर हजारोंनीं ऐकिला.

चषक कुइंब्रेस परतला तो २०१२ सालीं, ७३ वर्षांनीं. तरी संघाचें नांव निघतांच आठवतो, तो हा हरलेला सामना.