दाबाखालील लोखंड
फौंड्री उद्योगामुळे वितळलेले लोखंड कोल्हापूरला नवे नाही. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. पृथ्वीच्या केंद्रस्थानी मात्र ते ५००० अंशांवरही घनरूप राहते. कारण वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट असलेला तेथील दाब अणूंना जखडून ठेवतो. त्याभोवतीचा बाह्य गाभा द्रवरूप आहे. थरावरून थर सरकविणाऱ्या कर्तनबलाला द्रव विरोध करीत नाही; म्हणूनच भूकंपाच्या कर्तनलहरी तेथे अडतात.

एवढा दाब भट्टीत निर्माण होत नाही. शास्त्रज्ञ गणिती प्रतिरूपे रचतात व हिऱ्यांच्या ऐरणीत सूक्ष्म नमुने दाबून ती पडताळतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. राजगोपाल चिदंबरम यांनी उच्च दाबाखालील पदार्थांचे संशोधन जोपासले.

साच्याचे गणितही ओतीव भाग तपासल्यावरच खरे ठरते. पडताळणीवाचून गणित हा केवळ अंदाज होय, हा धडा विद्यार्थ्यांना आपल्या भट्टीच्या उदाहरणानेच द्यावा.