पुस्तकाचे नाव आणि मूल



शाळेच्या कपाटातील पुस्तकांना आपण खाकी वेष्टन घालतो व त्यावर केवळ दाखल क्रमांक लिहितो. पुस्तक टिकते खरे. पण नाव झाकले जाते, आणि मूल तर पुस्तक मागते ते नावानेच.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाचे नाव पाहा : ‘श्यामची आई’. दोनच शब्द, दोन्ही घरातले. तेथे ‘मातृमहिमा’ असते, तर मुलांना आदर वाटला असता. हा श्याम कोण, असे मात्र कोणी विचारले नसते. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे बोलण्यातले वाक्यच नाव म्हणून योजिले. आरंभीच ‘पण’ आल्यामुळे त्याआधी काय घडले, याची उत्कंठा लागते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’त नुसते गावाचे नाव आहे. तीत आपल्यासारखाच एक शिक्षक आहे, हे त्या नावावरून कळत नाही, असो. वाडी म्हणताच वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते, एवढे पुरे.

तरी येत्या शनिवारी वेष्टनांवर मुलांकडूनच ठळक अक्षरांत नावे लिहवून घ्यावीत, आणि पुस्तक उघडण्यापूर्वी आत काय असेल, हे त्यांनाच सांगू द्यावे. पुढील भेटीत मी दप्तराआधी कपाट पाहणार आहे.