हातची भाकरी

स्वयंपाकाची मनापासून आवड असलेल्या स्त्रिया पुष्कळ असतील. मी त्यांपैकीं नव्हे. आमच्या अमरावती-अकोल्याकडे ज्वारीच्या भाकरीचें कौतुक एखाद्या पक्वान्नाहूनही अधिक होतें. हें कौतुक करणारे बहुधा पानावर बसलेले असतात. परातीशीं बसलेली व्यक्ति त्यांत क्वचितच सूर मिसळते. आज त्या परातीच्या बाजूनें दोन शब्द बोलावयाचे आहेत.

भाकरी ही अत्यंत साधी वस्तु आहे, असा समज आहे. पीठ, पाणी आणि विस्तव यांखेरीज तिला कांहीं लागत नाहीं, हें खरें. पण जेथें सामग्री थोडी, तेथें सारा भार हातावर पडतो. गव्हाच्या पिठांत ग्लूटेन नांवाचा चिकट अंश तयार होतो. म्हणून कणीक एकदां भिजवून ठेवली कीं पोळ्या सवडीनें लाटतां येतात. ज्वारींत तो अंश नाहीं. ऊन पाण्यानें तिचें पिष्ट फुगतें, आणि तेंच काय तें पीठ धरून ठेवतें. म्हणून एकेका भाकरीपुरता गोळा तळहातानें रगडून मळावा, लागलीच थापावा, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावें, उलटावी आणि अखेर निखाऱ्यावर वा गॅसच्या आंचेवर फुगवावी. दळण जुनें होऊन पिठाची विरी गेली असली, तर कडेला भेगा पडतात. दोष मात्र करणारीच्या हाताला लागतो. शिवाय निवाली कीं ती कडक होते. म्हणून इतर मंडळी जेवत असतां करणारीनें आंचेपाशींच असावें, असा शिरस्ता.

भाकरीचें मोठेपण मी नाकारीत नाहीं. झुणका, ठेचा किंवा नुसता कांदा घेऊन शेताच्या बांधावर खावी, ताटाचीही तिला अपेक्षा नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज लोकांना सांगत, कीं प्रसंगीं ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, परंतु मुलांना शिकवा. त्या मुलांत मुलीही आल्या. शिकलेली मुलगी परातीशीं बसतांना, 'हें काम माझ्या एकटीकडेच कां?' असें विचारील, तर तोही त्या उपदेशाचाच परिणाम मानला पाहिजे.

२०२३ हें वर्ष जगभर भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें गेलें. ज्वारीचे गुण सभा-संमेलनांतून गाइले गेले. इकडे वऱ्हाडांतील खरिपाच्या ज्वारीची जागा मात्र गेल्या कांहीं दशकांत मोठ्या प्रमाणावर सोयाबीननें घेतली आहे. ज्वारी टिकावयाची, तर ती खाणारें तोंड हवें, तसाच भाकरी थापणारा हातही हवा. तो हात एकट्या गृहिणीचाच असावा, असा नियम कांहीं ज्वारीनें केलेला नाहीं.

भाकरीची स्तुति करणाऱ्यांना माझी एवढीच विनंति आहे: आठवड्यांतून एक वार परात आपल्याकडे ओढून घ्यावी. पहिली भाकरी तुटेल, दुसरी वांकडी होईल. तिसरी फुगली, तर तिची स्तुति अवश्य करावी. ती ऐकावयास मीही पानावर बसलेली असेन.